जगभरच्या कला, थोर चित्रकार आणि लहान मुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण ३ ते ९ वर्षांच्या मुलांना देशोदेशींच्या कला आणि नामवंत चित्रकार यांच्या आधाराने चित्रकला शिकवू इच्छिणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत.

इतक्या लहान मुलांना चित्रकारांची आणि दूरदेशींच्या कलांची ओळख करून देण्याची खरोखर गरज आहे का?

मुलाला चित्र काढायला कोणी शिकवावे लागत नाही. हाती खडू आला की ते काढू लागतेच. मात्र सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या चित्रांत काही आकार ठरून जातात: वर निळी पट्टी, खाली हिरवी पट्टी, कोपऱ्यात सूर्य आणि मध्ये त्रिकोणी छपराचे घर. असे आकार ठरणे ही वाढीतली स्वाभाविक गोष्ट आहे आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. पण भोवतालच्या प्रत्येक चित्रात तेच ते दिसत राहिले, तर चित्र म्हणजे एवढेच असते अशी मुलाची समजूत होते. अशा वेळी आकाश पिवळे रंगवणारा, दोन त्रिकोणांत माणूस उभा करणारी, कुंचला बाजूला ठेवून कात्रीने चित्र करणारा असा कोणीतरी मुलाला भेटावा लागतो. एकच झाड वेगवेगळ्या माणसांनी किती परींनी काढले आहे हे ज्याने पाहिले आहे, त्या मुलाला आपले झाड आपल्या पद्धतीने काढायला धीर येतो. चित्रकारांची नावे, सनावळ्या आणि शैलींची लेबले या गोष्टी त्या मानाने दुय्यम आहेत.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

चित्रे पाहायला कितीही लवकर सुरुवात करता येते. चित्रे करून पाहण्याचा बेत मात्र मुलाच्या हाताचा विचार करून ठरवावा. बालचित्रकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांच्या वाढीचे टप्पे मांडले होते आणि ते आजही उपयोगी पडतात. साधारण २ ते ४ वर्षे हा गिरगट्यांचा काळ असतो, ४ ते ७ या वयात ओळखू येणारे पहिले आकार उमटू लागतात, आणि ७ ते ९ या वयात माणूस, घर, झाड यांचे मुलाचे स्वतःचे ठरावीक आकार तयार होतात. वयाचे हे आकडे ढोबळ आहेत, आणि दोन मुलांमध्ये वर्षभराचा फरक सहज असू शकतो.

तीन वर्षांच्या मुलाकडून नेमका आकार काढण्याची अपेक्षा ठेवू नये. त्याला मोठा कागद, जाड खडू आणि हात पूर्ण फिरवता येईल इतकी जागा द्यावी. भूमितीय नक्षी, कंपासचे काम, पट्ट्या मोजून केलेली मांडणी या गोष्टी आठव्या वर्षानंतर अधिक आनंदाने होतात.

पहिल्यांदा कोणाची किंवा कोणत्या कलेची निवड करावी?

प्रसिद्धीपेक्षा कृती पाहून निवड करावी, असे माझे ठाम मत आहे. ज्या कलाकाराची कामाची पद्धत मुलाच्या हाताला झेपते आणि एका वाक्यात सांगता येते, तो पहिला.

माझी पहिली निवड बहुतेक वेळा पाषाणयुगीन गुहांमधल्या हातांच्या ठशांची असते. अर्जेंटिनातील ‘हातांची गुहा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळावर हात टेकवून त्याभोवती रंग फुंकरला, आणि हात काढल्यावर तिथे मोकळी आकृती उरली. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर अशीच एक आकृती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची आहे. अर्जेंटिनातील गुहेत बहुतेक हात डावे आहेत. असे का असावे, हे मुलांना विचारून पाहावे. चारपाच वर्षांची मुले स्वतःचा हात भिंतीला टेकवतात, दुसऱ्या हाताने रंग उडवल्याचा अभिनय करतात, आणि मग त्यांच्या लक्षात येते की बहुतेकांचा उजवा हात त्या कामात गुंतलेला असणार. कृती करताना तोंडाने रंग फुंकू देऊ नये. स्पंजाने हाताभोवती टिपून तोच परिणाम मिळतो.

दुसरी चांगली निवड म्हणजे फ्रेंच चित्रकार आंरी मातिस. १९४१ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना फार वेळ उभे राहून रंगवणे अवघड झाले. तेव्हा सहायकांकडून कागद रंगवून घेऊन, ते थेट कात्रीने कापून, आधी न आखता त्यांनी आकार तयार केले. ते आकार भिंतीवर टाचण्यांनी लावून, पुन्हा पुन्हा हलवून मग मांडणी ठरत असे. लहान मुलांसाठी यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चिकटवण्याआधी हलवून पाहण्याची मुभा. कातरकामाच्या तासाला पहिली पंधरा मिनिटे गोंदाची बाटली बंदच ठेवावी; मांडणीत पडणारा फरक लगेच दिसेल.

तिसरे नाव जपानच्या यायोई कुसामा यांचे. ठिपका कोणालाही काढता येतो. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे त्यांनी मुलांसाठी एक संपूर्ण पांढरी खोली मांडली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात रंगीत ठिपके चिकटवत गेल्याने ती हळूहळू रंगांत बुडून गेली. पुठ्ठ्याचे मोठे खोके आतून पांढरे करून वर्गातही हा प्रयोग करता येतो. एखादी जागा सगळ्यांच्या हातांनी मिळून कशी बदलते, हे मुले त्यातून पाहतात.

चित्र दाखवायचे कसे? मुले दोन सेकंद पाहतात आणि कंटाळतात.

बहुतेक वेळा मुले कंटाळत नाहीत. आपण फार लवकर बोलू लागतो. चित्रासमोर पहिले अर्धे मिनिट काहीही न सांगता थांबावे. त्यानंतर तीन प्रश्न पुरतात: या चित्रात काय चालले आहे? तुला असे कशावरून वाटले? आणखी काय दिसते? संग्रहालयांतून चित्रे दाखवण्यासाठी ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे. यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तो मुलाला पुन्हा चित्राकडे पाठवतो. उत्तर बरोबर की चूक हे सांगू नये. मुलाने जे दाखवले त्यावर बोट ठेवून ते आपल्या शब्दांत परत सांगावे.

जपानी चित्रकार होकुसाई यांचे १८३१ च्या सुमाराचे ‘कानागावाची मोठी लाट’ हे चित्र या कामासाठी फारच चांगले आहे. सुरुवातीला सगळ्यांना लाटच दिसते. मग कोणाला होड्या सापडतात, कोणाला होड्यांत वाकलेली माणसे, आणि बऱ्याच वेळाने कोणीतरी म्हणते की मागची ती छोटी लाट लाट नाहीच, तो बर्फाने झाकलेला डोंगर आहे. फुजी पर्वत सांगून टाकला असता तर तो शोधण्याचा आनंद गेला असता.

छापील पानावर किंवा पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची दिसतात. होकुसाईंची ती लाट प्रत्यक्षात सुमारे २५ सेंमी उंच आणि ३७ सेंमी रुंद कागदावरचा लाकडी ठशाचा छाप आहे, तर मातिस यांची १९५३ मधली ‘गोगलगाय’ ही कागदी मांडणी प्रत्येक बाजूने जवळजवळ २.९ मीटर आहे. दोन्ही मापे जमिनीवर खडूने आखावीत आणि मुलांना त्यांच्या आत बसू द्यावे. ज्या चित्राला प्रचंड लाट म्हटले ते मांडीवर मावते आणि ज्याला गोगलगाय म्हटले त्यात सगळा वर्ग झोपू शकतो, हे कळल्यावर मुले जे प्रश्न विचारतात ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाहीत.

प्रसिद्ध चित्राची नक्कल करून घेण्यात गैर काय आहे?

हा प्रश्न या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी स्वतः एका प्रसिद्ध फुलदाणीच्या चित्रावरून वर्गभर एकसारखी चित्रे करून घेतली होती. ती भिंतीवर लावल्यावर कोणते चित्र कोणाचे हे मुलांनाच ओळखता येईना. मुलांनी त्या दिवशी सूचना पाळल्या होत्या. पाहणे, निवडणे, ठरवणे यांतले काहीच त्यांच्या वाट्याला आले नव्हते. तेव्हापासून मी ती पद्धत सोडली.

चित्रकार एखादे चित्र करतो तेव्हा बहुधा तो एखादा प्रश्न सोडवत असतो. मुलांपुढे चित्राचा बाह्य आकार ठेवण्याऐवजी तो प्रश्न ठेवावा. रशियन चित्रकार कांडिन्स्की यांच्या १९१३ मधल्या ‘चौकोनांतील समकेंद्री वर्तुळे’ या कामाचे उदाहरण घ्या. जगभर मुलांकडून त्याच्या असंख्य प्रती करून घेतल्या जातात, आणि सगळे लक्ष वर्तुळे नीट गोल येण्यावर असते. वास्तविक तो रंगांचा अभ्यास होता. शेजारी ठेवलेल्या रंगांचा एकमेकांवर काय परिणाम होतो हे कांडिन्स्की तपासत होते. तेव्हा मुलांना एकाच लाल कागदाचे दोन तुकडे द्यावेत, एक पिवळ्यावर आणि एक निळ्यावर ठेवायला सांगावा आणि विचारावे की लाल तोच आहे का. मग वर्तुळे काढली काय, चौकोन काढले काय आणि पाने काढली काय, मूल त्या चित्रकाराच्याच वाटेवर असते.

मात्र नक्कल ही गोष्ट मुळातच वाईट असते असे मी म्हणत नाही. डच चित्रकार व्हॅन गॉग यांनी १८८७ मध्ये हिरोशिगे यांच्या जपानी छापचित्रांवरून तैलरंगात चित्रे केली, कारण त्यांना ती मांडणी आतून समजून घ्यायची होती. अनेक परंपरांत मुले घरातल्या मोठ्यांचे हात पाहून, त्यांच्या शेजारी बसून तेच आकार काढतच शिकतात. मुलाने स्वतःहून एखादे चित्र समोर ठेवून उतरवायला घेतले तर त्याला अजिबात अडवू नये. गैर आहे ती सगळ्यांवर लादलेली, कापून ठेवलेल्या तुकड्यांची आणि ठरलेल्या निकालाची नक्कल.

दुसऱ्या समाजाची कला शिकवताना कोणती काळजी घ्यावी?

तीन गोष्टी आधी शोधाव्यात: ही कला कोण करते, ती कोठे आणि कशासाठी केली जाते, आणि तिच्यातले काही बाहेरच्यांनी करू नये असे त्या समाजाला वाटते का.

वारली चित्रांपासून सुरुवात करू. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची चघळून मऊ केलेली काडी आणि सारवलेली भिंत एवढ्या साहित्यावर ही कला उभी आहे, आणि लग्नाच्या वेळी स्त्रिया जो चौक लिहितात तो तिच्यातला विधीचा भाग आहे. जिव्या सोमा मशे यांनी या कलेला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेले. शाळेत मुलांकडून लग्नाचा चौक करून घेण्याचे कारण नाही. त्याऐवजी माणसाचे शरीर दाखवणारे, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण घ्यावेत आणि विचारावे: हा माणूस पळताना कसा दिसेल, ओझे उचलताना कसा, झोपताना कसा? त्रिकोण जरासा कलला की सगळी हालचाल बदलते, आणि पाच वर्षांचे मूलही ते स्वतः शोधून काढते.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातील आदिवासी चित्रांच्या बाबतीत अधिक जपून वागावे लागते. १९७१ मध्ये पापुन्या येथील ज्येष्ठ पुरुषांनी तिथल्या शाळेच्या भिंतीवर चित्र काढले आणि त्यातून पुढे मोठी चित्रचळवळ उभी राहिली. त्या चित्रांतल्या कथा विशिष्ट कुटुंबांच्या असतात. ज्याचा अधिकार आहे त्यानेच ती कथा रंगवायची असते. बाहेरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत अशी चिन्हे पुढच्या काळात वगळली गेली किंवा ठिपक्यांच्या आड झाकली गेली. असे असताना कासव किंवा सरडा छापलेल्या कागदावर कापसाच्या काडीने ठिपके देऊन त्याला आदिवासी कला म्हणणे मला योग्य वाटत नाही. ती चित्रे मुलांना जरूर दाखवावीत, चित्रकाराचे नाव सांगून दाखवावीत, आणि त्यांतली अनेक चित्रे जमीन वरून पाहावी तशी असतात हे लक्षात आणून द्यावे. नंतर मुलांनी रोजची एखादी वाट पक्ष्याच्या नजरेने, स्वतःच्या खुणा वापरून काढावी.

हेच तत्त्व उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हायडा, त्लिंगिट आदी समाजांच्या कोरीव स्तंभांना लागू पडते. ‘रेड सीडर’ झाडाच्या अखंड खोडात कोरलेल्या त्या आकृतींमधून एखाद्या घराण्याचा इतिहास आणि हक्क सांगितले जातात. पुठ्ठ्याच्या नळ्यांवर त्यांची खेळण्यासारखी प्रतिकृती करणे टाळावे. याउलट घानामधील आदिंक्रा ठसे शिकवायला फार मोकळे आहेत. भोपळ्याच्या कवचात कोरलेले ठसे सालीपासून केलेल्या गडद रंगात बुडवून कापडावर उमटवतात आणि प्रत्येक चिन्हाला अर्थ असतो. मान मागे वळवलेल्या पक्ष्याचे ‘सांकोफा’ हे चिन्ह मागे राहिलेले परत जाऊन आणावे, असे सांगते. ती चिन्हे पाहून झाल्यावर मुलांनी स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीसाठी नवे चिन्ह तयार करावे आणि त्याचा अर्थ वर्गाला सांगावा.

युरोपीय चित्रकारांची नावे येतात, पण इतर कलांना फक्त ‘लोककला’ म्हटले जाते. यावर उपाय काय?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उपाय सोपा आहे: नाव शोधावे आणि मुलांना सांगावे. दक्षिण आफ्रिकेतील न्देबेले समाजाच्या घरांच्या भिंतींवरची ठळक भूमितीय नक्षी दाखवताना एस्थर म्हालांगू यांचे नाव घ्यावे. आई आणि आजीकडून त्या वयाच्या दहाव्या वर्षी हे काम शिकल्या, कोंबडीच्या पिसांनी रंगवतात, सरळ रेषा मोजपट्टी न घेता हाताने ओढतात, आणि १९९१ मध्ये त्यांनी एक मोटारगाडीही याच नक्षीने रंगवली. मिथिला शैलीसोबत गंगादेवी, गोंड चित्रांसोबत जनगढ सिंह श्याम, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सान इल्देफोन्सो येथील काळ्या मातीकामासोबत मारिया मार्टिनेझ ही नावे घेतली की मुलांच्या मनात एका समाजाऐवजी एक माणूस उभा राहतो. क्रियापदही वर्तमानकाळी असावे. ‘ते लोक अशी चित्रे काढत असत’ असे म्हटले की आज काम करणारी माणसे जणू नाहीशी होतात.

चित्रकारांच्या आयुष्यातील दुःखद प्रसंग मुलांना सांगावेत का?

चित्र समजायला जेवढे लागते तेवढे खरे सांगावे. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांना १९२५ मध्ये बसच्या अपघातात गंभीर दुखापत झाली, अनेक महिने झोपून काढावे लागले, पलंगाच्या वर बसवलेल्या आरशात पाहून त्या स्वतःचे चित्र काढत. हे सहा-सात वर्षांच्या मुलांना समजते आणि आत्मचित्र कशासाठी असते हेही त्यातून कळते. व्हॅन गॉग १८८९ मध्ये ‘तारांकित रात्र’ रंगवताना रुग्णालयात राहत होते, एवढे सांगणे पुरेसे आहे. खिडकीतून दिसलेले आकाश त्यांनी घेतले आणि गाव बरेचसे मनाने रचले, ही माहिती मुलांच्या चित्रासाठी अधिक उपयोगाची आहे. त्यांच्या कानाची गोष्ट रंजक म्हणून सांगू नये. मुलाने विचारलेच, तर ते फार आजारी होते आणि आजारपणात त्यांनी स्वतःला इजा करून घेतली, असे शांतपणे सांगावे.

साहित्य कोणते लागते आणि कोणते टाळावे?

जाड खडू, पाण्यात धुऊन जाणारे रंग, मोठे कागद, गोंद, बोथट टोकांच्या कात्र्या, माती आणि स्पंज यांवर बहुतेक सगळे भागते. रंगांवर बिनविषारी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. व्यावसायिक चित्रकारांचे काही रंग कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिसे असलेले असतात. ते मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि कोरडी रंगपूड मुलांच्या समोर कालवू नये. तीन वर्षांखालील मुलांजवळ मणी, बटणे असे गिळले जाईल असे काही ठेवू नये. वाळलेल्या मातीची धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

एका कलाकारासाठी किंवा परंपरेसाठी किती वेळ द्यावा?

दर आठवड्याला नवा देश आणि नवे नाव, असे नियोजन कागदावर छान दिसते, पण मुलांजवळ काही उरत नाही. तीन ते चार आठवडे एकाच कामात राहावे. पहिल्या वेळी फक्त पाहणे आणि बोलणे, नंतर साहित्याशी खेळणे, त्यानंतर स्वतःचे काम, आणि शेवटी पुन्हा त्याच मूळ चित्राकडे परतणे. हातांनी काम करून आलेले मूल तेच चित्र दुसऱ्यांदा पाहते तेव्हा त्याला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. वर्षाला सहा ते आठ कलाकार किंवा परंपरा झाल्या तरी भरपूर झाल्या.

मला स्वतःला चित्र काढता येत नाही. मी हे शिकवू शकेन का?

नक्की शकाल. या पद्धतीत मोठ्यांनी फळ्यावर चित्र काढून दाखवायचे नसतेच. आपल्याला पाहता, विचारता आणि साहित्य वेळेवर मांडता आले पाहिजे.

मूल “मला जमत नाही, तूच काढून दे” म्हणते तेव्हा काय करावे?

काढून देऊ नये, आणि “किती सोपे आहे” असेही म्हणू नये. कशात अडले आहे ते विचारावे. घोड्याचे पाय जमत नसतील तर पायांकडे एकत्र पाहावे: ते कोठे दुमडतात, पुढे की मागे? वेगळ्या कागदावर फक्त पाय काढून पाहू द्यावेत. त्याच वेळी एकाच प्राण्याची दोन-तीन परंपरांतली चित्रे शेजारी ठेवावीत. फ्रान्समधील लास्को गुहेतले घोडे फुगीर पोटाचे आणि आखूड पायांचे आहेत, तर वारली चित्रांतले घोडे साध्या रेषांवर उभे असतात. दोन्ही घोडेच वाटतात हे मुलाला दिसते, आणि बहुतेक वेळा ते खडू परत हाती घेते.

चित्रांना गुण किंवा क्रमांक द्यावेत का?

या वयात देऊ नयेत. त्याऐवजी प्रत्येक चित्राच्या मागे तारीख आणि मुलाने चित्राबद्दल सांगितलेले एखादे वाक्य, त्याच्याच शब्दांत, लिहून ठेवावे. भिंतीवर लावताना सगळ्यांची चित्रे लावावीत, ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असावीत, आणि शेजारी मूळ चित्राची प्रत लावायची असेल तर चित्रकाराच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत मुलाचेही नाव लिहावे.